सड्यावरची सळी

(रत्नागिरीच्या आतल्या भागातला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. जमिनीखालच्या खडकाची मोजणी करणारी सानवी आणि तिच्याकडे रोजावर आलेला, खालच्या वाडीतला धाकू.)

सानवी : “सळी खुणेवरच ठोकली, मॅडम.” फोनवर हेच बोललात ना, धाकूदादा? मग खुणेवर भोक कुठाय?

धाकू : तिकडं ठोकली. करवंदीच्या जाळीपल्याड.

सानवी : आणि मला सांगायचं नाही? मी मशीनवरचा आकडा बघून सरांना कळवून बसले, खाली खोल कातळ फुटलाय म्हणून.

धाकू : मग सांगा आता, नाय फुटला.

सानवी : एवढं सोपं आहे? लांबच्या दोन सळ्यांतून करंट सोडायचा, तो आतनं कसा जातो त्यावरनं पृथ्वीचं कवच कसं रचलंय ते ओळखायचं. सळी हलली की सगळंच खोटं. ती उपटा, इथं ठोका.

धाकू : इथं नाय ठोकनार.

सानवी : जांभा कडक लागतोय का? मीठपाणी ओतते, करंट धरेल.

धाकू : मीठ घातलंय इथं. आदीच.

सानवी : कोणी?

धाकू : मीच.

सानवी : मस्करी नको हां. द्या तो हातोडा, मी ठोकते.

धाकू : मॅडम, हात लावू नका. त्यो दगड बगा. आपसूक उभा राहील काय दगड?

सानवी : ...कोण आहे?

धाकू : पोर. माजी नि जनीची. बारसं पन व्हायचं व्हतं. एवढ्याशा जिवाला जाळत नाय आमच्यात. मीठ घालून मातीत ठेवतात.

सानवी : सकाळीच सांगायचंत ना.

धाकू : वाडीतलेच केरू नि शिवा तार धरून हुबे व्हते. त्यांनी घरी सांगितलं असतं, मग बायकांत गेलं असतं. जनीला जागा म्हाईत नाय. बाया येत नाय पुरायला. ती इचारते, नि मी म्हनतो, इसरलो.

सानवी : विसरलात?

धाकू : इसरलो असतो, तर सळी इथंच ठोकली नसती काय?

सानवी : बसा जरा. पाणी घ्या. सरांना मी बघते. आख्खी ओळच खालच्या अंगाला सरकवू, उद्या पहिल्यापासून मोजू.

धाकू : एक इचारू? जाळीकडनं सोडलेला करंट... हिकडं आला असंल?

सानवी : पसरतो तो. पण इथवर येईस्तोवर मुंगी चावल्याएवढाही उरत नाही.

धाकू : नि तुमचं मशीन येवढं खोलातलं बगतं. तिचं काय दिसलं त्यात?

सानवी : नाही, दादा. इतकं लहान त्याला दिसत नाही.

धाकू : हां.

सानवी : तार गुंडाळायला थांबता ना?

धाकू : नाय. मला आता निघायला होवं. उजेड हाय तवर जनीला घेऊन येतो.