तळ्याची चरबी

ओरडू नकोस, मीच आहे, सातुर्निना — सकाळी तुझ्या डोक्यावर घोंगडी टाकली ती मीच, नाहीतर त्या दगडांनी कवटी उरली नसती तुझी. हां, हलू नकोस, आधी पाय सोडते. गाठ बघ कशी मारलीय, हिलारिओची आहे, माझ्या भावाची — आम्ही तळ्यातली माणसं, नावा बांधायचो, आमची गाठ अशी सुटत नाही. गाव सगळं चर्चच्या अंगणात जमलंय. तुला जाळायचं की जिवंत पुरायचं, एवढाच काय तो वाद आहे. मी म्हटलं, मरणाऱ्याला घोटभर बटाट्याचं कालवण पाजून येते, म्हणून दारावरच्यांनी सोडलं मला आत. नाही, कालवण राहू दे आता. मागच्या भिंतीच्या विटा ढिल्या आहेत, तिथून तुला बाहेर काढते.

पण तुला सांगितलं होतं कुणी रे आमच्या भाषेत बोलायला? चार शब्द शिकलास आणि लागलास मिरवायला! हिलारिओनं सरळ विचारलं, काय उपसतोयस — मीठ म्हण, पाणी म्हण, कंपनीचा माल म्हण, काहीही म्हण! तर हे शहाणं दोन बोटांत ते उपसलेलं खारं पाणी चोळतं, हसतं, आणि म्हणतं, चरबी काढतोय. तेलकट म्हणायचं होतं? मग तेलकट म्हणायचं! चरबी काढणारा आमच्याकडे एकच, खारिसिरी — वाटेत झोपलेल्याला गुंगी घालतो, नळी लावून कुशीतली चरबी ओढतो, आणि माणूस हिंडता-फिरता वाळत जाऊन मरतो. आणि तू नळी लावून बसलेला, बाजूला भरलेल्या बाटल्या! बोललास तेही कुणापुढे, हिलारिओपुढे. त्याची बायको, कासिल्दा, गेल्या थंडीत तशीच वाळून गेली, शेवटी शेवटी मी तिला एका हातानं उचलायची. तो लसूण चावतच धावला ना तुझ्या अंगावर? खारिसिरीला लसूण सोसत नाही म्हणतात. अख्ख्या गावाच्या तोंडाला वास मारत होता.

मी नाही मानत ते. कासिल्दाला पाण्यानं मारलं. वरच्या खाणींचं तांबडं पाणी तळ्यात यायचं, माझ्या लहानपणापासून यायचं, मासे पोट वर करून तरंगायचे आणि आम्ही तेच खायचो — दुसरं काय खाणार? मग तळंच आटलं. आता वारा सुटला की तळ्याचा तळ उडतो आणि भाकरीत करकरतो. आणि उरलंसुरलं जे जमिनीखाली आहे, तेही ओढायला तुम्ही आलात. तुमचे पाइप आले आणि आमची विहीर खारट झाली. तू म्हणशील, आमच्यामुळे नाही. नसेल! पण चरबीच काढताय ना रे? आमचीच ना? एक दगड मीही मारला, सांगून ठेवते, खांद्याला लागला तो माझा. मारला तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

बरं वाटलं, पण नंतर डोकं चाललं. तू मेलास तर सैन्य येणार. खालच्या गावात आलं होतं — बायकांसमोर पुरुषांची हाडं मोडली, ट्रकमध्ये फेकलं, अजून पत्ता नाही. मला एकच भाऊ आहे. म्हणून सोडतेय तुला, माया आली म्हणून नव्हे. ओरुरो शहरात पोचलास की सांगायचं, दगड कुणी मारले दिसलं नाही, धूळ होती. आणि तुझा ड्रायव्हर घाबरून पळाला, गाडी तिथंच टाकून. पळालाच तो — मी पाहिलं ना, जाडा असून काय पळाला!

ऊठ. टेक माझ्यावर. अरे, पाय उघडेच की तुझे — मिठाच्या खपल्यांवरून अनवाणी चाललास तर कोसभरात तळवे सोलून निघतील. थांब, ड्रायव्हरचे बूट आहेत माझ्या दारात, हिलारिओनं धुऊन वाळत घातलेत, डाग काही निघाले नाहीत नीट, पण तुला होतील —

काय बघतोस असा?

पळाला म्हटलं ना. बूट टाकून पळाला. माणूस घाबरला की टाकतो बूट... बघू नकोस असा! बरं, नाही पळाला. त्यानं लोखंडी पहार उचलली, हिलारिओच्या हातात फावडं होतं, झालं. तळ्यातच आहे तो आता, मिठाखाली. तुझ्यासाठीच आडवा आला होता मूर्ख. पण तू पळाला म्हणशील ना? म्हण. तुझ्या आईची शपथ घे आणि म्हण — ड्रायव्हर पळाला. तुझा कोण लागत होता तो?

मामा?

सख्खा?

रडू नकोस. आवाज बाहेर जातोय. अरे, मला कशाला सांगितलंस रे? कुणी नाही म्हणायचं, कंपनीचा माणूस म्हणायचं — तोंडानं खोटं तरी बोलायचंस! उद्या तुझी आई विचारेल, भाऊ कुठाय माझा, तेव्हा तू काय तिला सांगणार, पळाला? नाही सांगणार तू. मीसुद्धा खरंच सांगितलं असतं, आणि मग हिलारिओचंच नाव निघणार. बस खाली. बस म्हटलं ना, हात नको लावूस मला, सोड शाल!

हिलारिओ! ए हिलारिओ! आत ये. नाही, एकटा नको येऊस, पाय सुटलेत त्याचे.