तळ्यावरचं घर

मंडळी, एक सांगा — वस्ती वाढवायची तर विचारायचं कुणाला? इंजिनिअरला? पुढाऱ्याला? की ज्याच्या दारावरून पाणी वाहतं त्याला? बघा, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. राहू द्या. गोष्ट ऐका.

करंजवडे नावाचं गाव. शहर सरकत सरकत वेशीला येऊन टेकलेलं. तिथं भार्गवराव खांबेटे नावाचे गृहस्थ. सज्जन, हुशार — आणि हुशार माणसाची एक खोड असते, तो कुणाला विचारत नाही. गावचं तळं बुजवून त्याच्या भोवतीनं त्यांनी वसाहत आखली. एकट्यानं. गावानं मान डोलावली, मान डोलवायला कष्ट थोडेच पडतात! स्वतःचं घर बांधलं ऐन मधोमध, बुजवलेल्या तळ्यावर.

वैशाखातली दुपार. भार्गवराव जेवून आडवे झाले, आणि फरशीखालून आवाज आला. धप्... धप्... दगडावर धुणं आपटावं तसा. मध्येच बांगड्या वाजल्या. कुणीतरी हलकेच हसलं.

"सुमित्रा," त्यांनी बायकोला हाक मारली, "मोरीत कोण आहे?"

ती दारातच उभी होती. "कुणी नाही. तुम्हाला आज ऐकू आलं होय? मला राहायला आल्यापासून येतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

भार्गवराव तसेच उठून शेजारी रुखसानाभाभींकडे गेले. कसं विचारावं कळेना. त्यांचा चेहरा बघून भाभीच हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, आमच्या स्वयंपाकघराखाली म्हशी पाण्यात उतरतात. रोज."

घरोघर तेच, मंडळी! ऐकू सगळ्यांना येत होतं — आणि जो तो समजत होता, आपलंच डोकं फिरलंय.

मग भार्गवरावांनी सगळ्यांना देवळात बोलावलं. वसाहतीतले, जुन्या गावातले, बायामाणसं, सगळे. फरशीवर रांगोळीनं नकाशा काढला. म्हाताऱ्यांनी पाण्याच्या वाटा दाखवल्या, बायकांनी धुण्याचा घाट. रस्ता कुठून, झाडं कुठं, नवी घरं कुठं — काढलं, भांडले, पुसलं, पुन्हा काढलं. आणि पाण्याच्या सगळ्या रेषा येऊन मिळाल्या त्या भार्गवरावांच्या घरापाशी. तोंडावर सांगणार कोण? सुमित्राबाई नुसत्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. भार्गवराव वाकले, आणि आपलं घर त्यांनी तळहातानं पुसलं.

घर पाडलं. भराव उपसला. पावसाचा थेंब नाही, तरी खालून पाणी आलं — काळं, गार. घाटाचा दगड उघडा पडला, तर त्यावर रिठ्याचा फेस. ताजा! भार्गवरावांनी बोट लावलं. कोमट लागला. जणू कुणी आत्ताच हात काढून घेतला होता.

आज ती वसाहत तळ्याच्या काठाकाठानं वाढते. नवा पाया घ्यायचा तर आधी सगळे बसतात, बोलतात.

आणि आपण? आपल्याही ओढ्यात भराव पडतोय. ट्रॅक्टर तुम्ही बघता, मीही बघतो. उद्या नव्या आराखड्याची सभा आहे. कोण कोण येणार? हात वर करा बरं.

एवढेच?

बाकीच्यांनी आज हात जोडायची घाई करू नका. आधी ते वर करा — जोडायला देव आहेच.