रानडुकरासंगं कुठली बाटली

बाईजा : पाटील, ह्या बाटल्या विहिरीत कुनी सोडल्या व्हत्या?

महिपत : मीच. कल्याणचा दुकानदार म्हणाला, साहेबाला विलायती दारू थंड करून द्या.

बाईजा : पौसात? अंगनात ठेवल्या असत्या तरी काकडल्या असत्या.

महिपत : शहाणपण पुरे. पाण्यात वरचे कागद सुटले, तीच पंचाईत झालीय. दुकानदारानं चिठ्ठी दिलीय, कुठली डुकरासंगं, कुठली कोंबडीसंगं, कुठली शेवटाला. पण आता कुठली कुठची तेच कळेना.

बाईजा : मंग चाखा की.

महिपत : चाखल्या. तिन्ही सारख्याच लागल्या. काल साहेबानं मारलेलं डुक्कर तू रांधलंयस, तर त्याच्यासंगं काय द्यायचं तेही तूच सांग. सबंध मुरबाडात तुझ्यासारखं नाक कुणाचं नाय.

बाईजा : त्याच नाकापायी माझा ल्योक झिपरू पाच दिस तुमच्या चावडीत बसलाय. भाकर नेऊन नेऊन माझे पाय गेले.

महिपत : आज तो विषय नको.

बाईजा : आजच तर हाय! आज चार वाजता ह्योच प्रांतसायब तंबूत कचेरी लावनार नि झिपरूला सहा महिने ठान्याच्या तुरुंगात धाडनार. मोहाच्या दारूच्या एका मडक्यापायी. ते मडकं कुनी काढाया सांगितलं व्हतं, पाटील? तुमच्या वत्सलेच्या साखरपुड्याला?

महिपत : हळू बोल, बाई! शिपाई अचानक आले. पोलीस पाटील म्हटल्यावर पंचनाम्यावर सही करावीच लागते.

बाईजा : केलीत. मडक्यावर लाखेची मोहर पन तुमीच मारलीत. काय सुबक मारलीत!

महिपत : बाटल्या बघ आधी. साहेब खूश झाला तर माझी पाटीलकी टिकेल. मग झिपरूसाठी एखादा शब्द टाकीन.

बाईजा : एखादाच? आना ती पहिली. ...हं. आंबट. रश्शात मी कोकम घातलंय. वर ही दिली तर सायबाचे दात आंबतील.

महिपत : बरं, दुसरी?

बाईजा : गोड. हा बाळंतिनीचा काढा हाय. सायब बाळंत झालाय काय?

महिपत : तिसरी बघ, तिसरी!

बाईजा : हिचं बूच सैल. विहिरीचं पानी शिरलंय. आतली तुमच्या बेडकांनी प्यालीय.

महिपत : मग त्याला पाजू काय? ताक?

बाईजा : डुकराची चरबी, वालाचं बिरडं, नाचनीची भाकर. असल्या जड जेवनासंगं कडक लागते, वासाची. मोहाची.

महिपत : साहेबाला? डोकं फिरलंय तुझं?

बाईजा : बाटली इलायती. आत थोडा मध, थोडं पानी. वर कागद नायच. कुनी वाचनार हाय?

महिपत : ...बरं. आण मग वाडीवरून. पण लवकर.

बाईजा : वाडीत थेंब नाय. शिपायांनी समदी मडकी फोडली. एकच ऱ्हायलंय. तुमच्या कोठीत.

महिपत : अगं, तो मुद्देमाल आहे!

बाईजा : हाय ना. लय झ्याक उतरलाय.

धाऊ : पाटील, सायब आला! घोड्यावरून उतरतोय. हात बधिर झालेत म्हनं, आधी पियाला आना म्हनतोय!

महिपत : धाऊ, त्याला खुर्ची दे. शेकोटी पेटव. बाईजा, लाख फोडायला काय आहे?

बाईजा : हा कोयता घ्या. मोहर तुमची, तुमीच फोडा.

(दोन तासांनी, चुलीपाशी.)

धाऊ : हाडं पन चोखली सायबानं! म्हनतो, अशी वाइन मुंबईच्या क्लबात पन नाय. तिन्ही बाटल्या खलास. आनखी मागतोय.

महिपत : दे गं, बाईजा.

बाईजा : कुठून? मडकं पालथं पडलंय, बघा.

महिपत : सगळं ओतलंस? आता चार वाजता साहेबापुढं ठेवू काय?

बाईजा : मडकं ठेवा.

महिपत : पाणी भरून लाख लावतो.

बाईजा : लावा. सायब झाकन काढून वास घेनार. मंग दारू कुठं गेली इचारल. सांगा त्याला. चव ठाऊक झालीय त्याला.

महिपत : तू माझा गळा कापलास, बाईजा.

बाईजा : मी रांधलं. बाटली तुमीच निवडाया सांगितलीत.

महिपत : ...पंचनामा चुकला म्हणून लिहून देतो. मडक्यात काकवी होती म्हणतो. रात्रीची दिसली नाय.

बाईजा : तुमी पाटील. तुमी म्हनाल ती काकवी.

महिपत : खरं सांग. त्या तिन्ही बाटल्या वाईट होत्या?

बाईजा : पहिली डुकरासंगं फक्कड लागली असती. कळशीत वतून ठेवलीय.

महिपत : कुणासाठी?

बाईजा : धाऊदादा, चावडीवरनं जाशील तर झिपरूला सांग. म्हनावं, आज भाकर धाडत नाय. जेवाया घरी ये.