पास्टरची बहीण

मोतीलाल : चहा नको, प्रेमराज. माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तुझ्या बहिणीला उचलणार नाहीत. सकाळपासून अंगणात ठेवलीय. उन्हं कलायला आली.

प्रेमराज : दाजी, सुगंधाअक्का गेली हे आत्ता तुमच्या तोंडून कळतंय. जरा बसा. मी प्रार्थना करतो.

मोतीलाल : गाडीवर मागे बसून कर. पिंपळनेरच्या बाजारातून लुगडं घेऊ आणि निघू.

प्रेमराज : मी येतो. प्रार्थना करून तिला मातीत ठेवू. पण लुगडं, कुंकू हे मी आता करत नाही. आमच्या मंडळीतल्या पितांबरने त्याच्या आईचं दहावं केलं, तर पास्टर म्हणून मीच त्याला बाहेर बसवलं. आता मीच लुगडं घेऊन निघालो तर ही माणसं काय म्हणतील?

मोतीलाल : बहीण मेली, आणि तुला माणसं दिसतात. तेव्हाही तुला माणसंच दिसत होती.

प्रेमराज : तेव्हा मी आंधळा होतो.

मोतीलाल : पोरं जमवून भिकुबाईच्या घरात शिरलास. येशूची गाणी म्हणणाऱ्या बायांना काठ्यांनी झोडलंस. सुगंधाचा हात मोडलास. आम्ही दवाखान्यातून आलो तर तू आमच्याच ओट्यावर बसलेला, मान खाली घालून. हात गळ्यात बांधलेला, तरी तिने तुला ताट वाढलं.

प्रेमराज : त्या ताटानेच मला बदललं, दाजी. तीच साक्ष मी दर रविवारी देतो. लोक रडतात.

मोतीलाल : ती आली होती एकदा ऐकायला. मागे बसली होती. घरी येऊन म्हणाली, त्याला माझा हात दर रविवारी मोडावा लागतो. पुन्हा आली नाही.

प्रेमराज : मला कधी बोलली नाही.

मोतीलाल : तू विचारलंस कधी? घरीच डोळे मिटून बसायची. मी देवापुढे नारळ फोडायचो, ती तिचं म्हणायची. आमचं भांडण झालं ते भाजीतल्या मिठावरून.

प्रेमराज : मग तिला कशाला हवं होतं हे लुगडं? ती तर विश्वासी होती.

मोतीलाल : काल म्हणाली, प्रेमराजला आणू द्या. मी म्हटलं, तो आता नाही आणणार. तर म्हणे, आणेल, भाऊ शे मना, माझा भाऊ आहे तो. बाया मला सांगत होत्या, तुम्हीच दुकानातून आणा, माहेरचं म्हणून घाला, कोण विचारतंय. तिच्या अंगावर मी खोटं घालू? माझ्याने नाही होत, प्रेमराज. माझ्याने आता काहीच होत नाही.

प्रेमराज : आणि मी नाहीच आणलं तर?

मोतीलाल : तर बिनमाहेरची जाईल. हात मोडला तेव्हाही ती स्वतःला तसं म्हणाली नव्हती.

(प्रेमराज आत जातो. बायकोशी बोलून, चपला घालून बाहेर येतो.)

प्रेमराज : कोकिळा विचारत होती, संध्याकाळी प्रार्थनेला लोक येतील, त्यांना काय सांगू.

मोतीलाल : काय सांगितलंस?

प्रेमराज : बहिणीला लुगडं घ्यायला गेलाय, असंच सांग म्हटलं.

मोतीलाल : बस मागे.

प्रेमराज : दाजी, पांढरं घेऊ का? आमच्यात पांढरं घालतात.

मोतीलाल : हिरवं घे. नवरा असताना गेली ती. मी उरलोय मागे.