उत्तमचे दिवे

आसेगावचा उत्तम, आपला रेडिओ दुरुस्त करणारा, त्याचं ऐका. बुद्धजयंतीले त्यानं मांडवात असे दिवे लावले, की माइकवर बोललं की चमकत. पण शेजारच्या पीठगिरणीच्या आवाजानंच ते चमकून राह्यले होते. म्हणून त्यानं माइकचा जोर कमी केला. भाषणाले दिवे झकास चमकले.

मंग त्याचा बाप गायले उभा झाला. छातीच्या आजारानं म्हाताऱ्याचा आवाज पार बसला होता. एकही दिवा लागला नाही. तो मधातच थांबला.

"काहून रे उत्तम, माहा आवाज येऊन नाही राह्यला?"

"बाबा, थांबा जरा. जोर वाढवतो."

"राहू दे. मशीन खोटं कायले बोलीन?"

म्हातारा खाली उतरला. मरेपर्यंत मंग त्यानं गाणं म्हटलं नाही.