एक बोट सैल

नाही बांधणार. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं — आता तिसऱ्यांदा विचारलंस तर ही अख्खी बादली डोक्यावर ओतीन, तीही गार पाण्याची. आधी नीट उताणी हो बघू. अशी अंग चोरून पडलीस तर मळ कसा निघायचा? हात काढ छातीवरचा. काढ गं, इथे कोण बघतंय तुला? मी? मी तीस वर्षं या हमामात बायकांची अंगं चोळतेय, अर्धं अझ्रू गाव या फरशीवर पडून गेलंय माझ्या हाताखालून — काझीची बायको, पावाच्या भट्टीवाली, तुझी आजीसुद्धा गेली असेल. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, पाठ दाखव, नाव सांगते. तेव्हा माझ्यापुढे कसली आलीय लाज? साबण लावून झाला की जरा पडून राहा, कातडी मऊ होऊ दे, मग हातमोजा चालवते. खरखरीत लागेल. लागू दे.

आणि हे काय हे? — हे, छातीच्या खाली. सोललंय की सगळं. इथे तर खपली धरलीय. आणि काखेत हा लाल पट्टा. बरं बरं, तिथे मोजा नाही फिरवत, नुसतं पाणी सोडते. चुरचुरलं ना? चुरचुरणारच, घामाचं मीठ बसलंय त्यात. किती महिन्यांपासून दुखतंय तुला? — आणि उतारावर जास्त, हो ना? जिना उतरताना हाताने धरावंसं वाटतं, आणि पाळीच्या आधी तर नुसता सदरा घासला तरी डोळ्यांत पाणी. अगं मला काय विचारतेस कसं कळलं म्हणून. धावणाऱ्या पोरींची अंगं मला लांबून ओळखू येतात. पोटऱ्या दगडासारख्या आणि इथे सगळं सोललेलं. शर्यत रविवारी आहे, सरोवराच्या रस्त्याची, तेही ठाऊक आहे. गावभर कागद चिकटवलेत त्यांनी, माझ्या दाराशेजारीसुद्धा एक होता. मी फाडला तो.

कुणी सांगितलं तुला, ही लल्ला हद्दा छाती बांधून देते म्हणून? मेहंदीवालीने? तिच्या जिभेला हाड नाही. ऐक, मी बांधते ते बाळंतिणींना. सातव्या दिवशी बाई इथे येते, तिला गरम पाण्याने शेकायचं, तेल लावायचं, आणि मग पोट बांधायचं — तीन हात सुती कापड, धुऊन धुऊन मऊ झालेलं, खालून वर गुंडाळत न्यायचं. ती माझी विद्या आहे. माझ्या आईची होती. माझ्या हातचं बांधलेलं पोट पुन्हा सुटत नाही असं बायका म्हणतात, आणि ते खरं आहे. पण ते पोट, पोरी. छाती नाही. छातीच्या आत फासळ्या असतात आणि त्यांना उघडायला जागा लागते.

तुला वाटतं आवळून सपाट केलं की हलणार नाही, आणि हललं नाही की दुखणार नाही. मलाही तसंच वाटायचं. मग दवाखान्यात एक डॉक्टरीण आली होती, बायकांना गोळा करून बोलली, मी मागे भिंतीला टेकून ऐकत होते. ती म्हणाली, यात हाड नाही, स्नायू नाही. वरची कातडी आणि आतले चार बारीक धागे, एवढ्यावर सगळा भार. तू पाऊल टाकलंस की ते वर जातं, खाली येतं, बाजूला जातं, गोल फिरतं, आणि दर पावलाला ते धागे ताणले जातात. दुखणं खोटं नाही, नखरे नाहीत. पण त्याला आधार द्यायचा असतो, गळा नाही आवळायचा. धावायची वेगळी ब्रा मिळते त्यासाठी — हो, तीच ती, स्पोर्ट्स ब्रा — खालचा पट्टा घट्ट, पण दोन बोटं आत गेली पाहिजेत. खांद्यावरचे पट्टे रुंद. दोन्ही बाजू वेगवेगळ्या धरणारी, एकत्र चेपणारी नव्हे. मंगळवारच्या बाजारातल्या ढिगातली घेऊ नकोस, ती कुणीतरी वापरून टाकलेली असते, तिचं रबर मेलेलं असतं. नवी घे, दुकानातच घालून उड्या मार, लाज सोड, दोन्ही हात वर कर, आणि मग पोटापर्यंत श्वास घेऊन बघ. श्वास अडला तर ती तुझी नव्हे. एवढं तू कुणालाही विचारलंस तरी —

थांब. — ऐकलंस?

आतल्या खोलीत. पावलं. कुणीतरी पळतंय, ओल्या फरशीवर, अनवाणी. — नाही? नीट ऐक. बरं, नसेल. गुरुवारी दुपारी आत कुणी नसतंच म्हणा, मीच दार लावून आलेय. बायका म्हणतात हमामात जिन्न असतात, मोरीत कढत पाणी ओतायच्या आधी देवाचं नाव घ्या. मी घेते. पण तीस वर्षांत मला एकही जिन्न दिसला नाही. मला जे ऐकू येतं ते जिन्नाचं नाही. आधी पावलं येतात, मग थांबतात, मग कुणीतरी श्वास घेतं. पुरता नाही, अर्धाच. अर्धा घेतं आणि तिथेच अडतं, पुन्हा अर्धा घेतं. मी ऐकत बसते, वाटतं आता हा तरी पुरा होईल. होत नाही. घाबरू नकोस, तुला काही करणार नाही ती. फार गुणी पोर होती.

माझी मुलगी. इत्तो. सतरा वर्षांची होती, याला नऊ वर्षं झाली. पळायची, तुझ्यासारखीच. देवदारांच्या रानातून पहाटे वर जायची आणि मी चहा गाळेपर्यंत परत — गाल लाल, केसांत काटक्या. मी विचारायचे, अगं काय मिळतं तुला? ती म्हणायची, यम्मा, वर पोचलं की छातीत इतकी हवा मावते की मी कुणीतरी दुसरीच असते. आता बघ, हेच म्हणायची ती, आणि मी — राहू दे. पालथी हो आता. पाठ राहिलीय. हळू, फरशी निसरडी आहे. डोकं हातावर ठेव. हां.

हे कुणी बांधलं?

इथे, पाठीवर. दोन खांद्यांच्या मधे. गाठीचा वळ आहे हा, माझ्या अंगठ्याएवढा खड्डा पडलाय. — स्वतः बांधलंस? खोटं बोलू नकोस माझ्याशी. कुणाचाही हात इथवर पोचत नाही. तू पुढे बांधली असतीस तर खूण पुढे असती. म्हणजे मेहंदीवालीकडून नुसती ऐकून आली नाहीस तू, घरात आधीच कुणीतरी बांधतंय तुला, आणि ते पुरत नाही, अजून घट्ट हवंय म्हणून तुला इकडे धाडलंय. बोल ना. आई? — आई बांधते.

हलू नकोस. मी ठीक आहे. वाफ गेली डोळ्यांत.

बाळंतिणीची गाठ पाठीवर मारतात, माहीत आहे का तुला का? पुढे मारली तर बाई कंटाळते, उकडलं की स्वतःच सोडते, आणि पोट सुटतं. म्हणून मागे. जिला बांधलंय तिला सोडता येऊ नये म्हणून मागे. मी इत्तोला तशीच बांधायचे. सवयीचा हात, दुसरं काही येतच नव्हतं मला. सहा महिने बांधली. आणि ती जिंकली, हो, दोन शर्यती जिंकली, मी म्हणलं बघ, आईची विद्या. तिला तीच हवी होती, तू विचारतेस ती, धावायची ब्रा — कुणाच्या तरी फोनवर चित्र दाखवलं होतं मला. मी म्हणलं, असलं काही गच्चीवर वाळत घातलं तर शेजारी काय म्हणतील? कापडाला कुणी विचारत नाही, कापड काय, फडकं म्हणूनही खपतं. तिने फोन परत देऊन टाकला. फार हट्ट करायची नाही.

सरोवराचीच शर्यत. मे महिना, ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. मी शेवटच्या रेषेशी उभी होते, खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन. बाकीच्या पोरी आल्या. एक आली, दुसरी आली, पाठीमागच्या लंगडत आल्या, हिचा पत्ता नाही. पेट्रोल पंपाशी पडली होती ती. बघणाऱ्यांनी सांगितलं मला नंतर, प्रत्येकाने वेगवेगळं, पण एक गोष्ट सगळ्यांनी सारखी सांगितली — पडल्यावर तिचे दोन्ही हात पाठीवर होते. पाण्यासाठी नाही हात केला तिने, उठायलाही नाही. पाठ ओरबाडत होती. आणि भोवती सगळे पुरुष. झेंडेवाले, पाणीवाले, पंपावरचे. चांगली माणसं, मी वाईट नाही म्हणत. सावली धरली, तोंडावर पाणी मारलं, पण पोरीच्या सदऱ्याखाली हात कोण घालणार? बाई आणा, बाई आणा म्हणत उभे राहिले. रस्त्यापलीकडून पाव विकणारी धावत आली तोवर तिच्या ओठांचा रंग गेला होता. तिने सदरा वर केला, गाठ शोधली, नखांनी बघितलं, दातांनी बघितलं. मग कुणीतरी सुरी दिली.

हृदय म्हणाले दवाखान्यात. ऊन म्हणाले. लोक म्हणाले, लिहिलेलं होतं, हद्दा, तिचं तेवढंच लिहिलेलं होतं. मीही म्हणले. नऊ वर्षं म्हणतेय. आणि मग तिला आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा बायका म्हणाल्या, तू आई आहेस, तू नको. मी म्हणलं, माझं काम आहे. मीच घातली. छातीवर कापडाची वीण जशीच्या तशी उठली होती, धागा न् धागा मोजता आला असता. आणि पाठीवर हे, जे तुझ्या पाठीवर आहे. मी त्यावर खूप वेळ पाणी ओतलं. जाईना ते. मेलेल्या अंगावरचा वळ जात नाही.

तुझा जाईल. शेकते मी.

सकाळी बांधताना ती म्हणाली होती, यम्मा, एक बोट सैल कर. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. एक बोट, एवढंच मागितलं. मी म्हणलं, पळायला लागलीस की आपोआप होतं सैल. आणि वरून दुसरी गाठ मारली. — होतं का गं? सुती कापड घामाने भिजलं की सैल होतं का? आवळतं ते. ओल्या कापडाची गाठ सुटत नाही, बसते. शेंबडं पोर सांगेल. आणि मी कोण? माझा सगळा जन्म ओल्या कापडात गेला. मला नाही माहीत तर कुणाला माहीत? माहीत होतं मला. बांधताना माहीत होतं.

मग का मारली दुसरी गाठ? तिला दुखू नये म्हणून? सगळ्यांना हेच सांगते मी, आत्ता तुलाही हेच सांगणार होते. दुखू नये म्हणून नाही. चौकातल्या कॉफीवाल्याकडे पुरुष बसतात, खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून. ती पळत गेली की एक जण मोजायचा — एक-दोन, एक-दोन — आणि बाकीचे हसायचे. माझ्या दिराने ते घरी येऊन जेवताना सांगितलं. इत्तोच्या बापाने चमचा खाली ठेवला. तो चमचा मी पाहिला. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? त्या खुर्च्या मला हलवता येत नव्हत्या. पोरगी हलवता येत होती. तिचं पळणं मी बंद नाही केलं, याचं मला कौतुक होतं स्वतःचं, मी किती शहाणी आई. पळू दिलं आणि सपाट केलं. शर्यतीच्या दिवशी अख्खं गाव रस्त्यावर असणार, कुठे मधेच तिने कंटाळून सोडलं तर — म्हणून दुसरी गाठ. तिने सोडू नये म्हणून. लाज वाटली मला तिची. माझ्या स्वतःच्या पोरीच्या अंगाची लाज वाटली.

रडू नकोस. तू कशाला रडतेस, तू काय केलंस? ऊठ. ही बादली घे, अंगावरून ओत, मुकाट्याने केस पुस. बांधायला म्हणून आणलंस ते कापड मी तुला परत देणार नाही, घरी जाताना जिलाबाची, त्या सैल झग्याची टोपी ओढून घे आणि हात बांधून चाल. आणि आईवर चिडू नकोस. तिच्यासमोरही कुठेतरी कुणी चमचा खाली ठेवला असेल.

तिला पाठव माझ्याकडे. उद्या. शर्यतीच्या आधी, नंतर नाही. सांग तिला, हद्दा बांधायला शिकवते म्हणाली, मग येईल ती. ती आली की तिला इथेच झोपवीन, तू झोपलीस तिथे, आणि हे सगळं सांगेन, एका बोटाचंही, दुसऱ्या गाठीचंही. इत्तोच्या बापाला अजून सांगितलेलं नाही मी, रोज एका ताटात जेवतो आम्ही. तुझ्या आईला सांगेन.

जा आता. दार लोटून घे, वाफ जाते.