जॅकेट, हॅट आत नेऊ नये

हो हो, वाचली पाटी. 'जॅकेट, हॅट, बॅगा, छत्र्या आत नेऊ नयेत.' मला वाचता येतं भाऊ, एकतीस वर्षं लिहिण्यावाचण्याचीच नोकरी केलीय—पण छत्री आणि हे जॅकेट एका ओळीत बसवणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय. छत्री माणूस विसरून जातो. असलं जॅकेट कोणी विसरून गेलेलं पाहिलंय तुम्ही?—पाहिलंय? बरं, संग्रहालयात येत असतील तसली माणसं. नका, हात नका पुढे करू, मी काढलेलं नाहीये अजून. भाषण सुरू होऊन किती वेळ झाला? वीस मिनिटं? मग आहे वेळ. तासभर बोलेल ती, लहानपणापासून तशीच आहे, एकदा तोंड उघडलं की मिटायचं नाव नाही.—ती म्हणजे कोण काय, ती आतली. गुहावाली. जिच्या पुस्तकासाठी एवढी गर्दी जमलीय ती. माझ्या ओळखीची आहे थोडी.

हसलात ना हॅटकडे बघून? हसा, मोकळेपणानं हसा, चाळीस वर्षं लोक हसतायत, तुमच्या एकट्याच्या हसण्यानं काय तिला भोक पडणार नाही. फेडोरा म्हणतात हिला. पुढून दोन बोटांनी चिमटा काढलेला, कड उजव्या डोळ्यावर किंचित झुकलेली—किंचितच, जास्त झुकली की माणूस गुंड दिसतो, आणि सरळ ठेवली की तिकीट तपासनीस. आणि हे जॅकेट बघा, पाठीवर या दोन चुण्या का आहेत, माहितीय? हात वर नेता यावा म्हणून. कड्याला लटकताना शिवण उसवू नये म्हणून. आता मी कधी कड्याला लटकलो का—नाही लटकलो. मी बल्ब बदलायला स्टुलावर चढत नाही हो, शेजाऱ्याला हाक मारतो. पण चुणी पाहिजे म्हणजे पाहिजे. चामड्याच्या बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून करून घेतलं होतं, तीनदा उसवायला लावलं, चौथ्यांदा तो म्हणाला, साहेब, आता दुसरा कोणी बघा. आम्ही पाचजण होतो तेव्हा असले हौशी, सिनेमातल्या त्या गुहांत खजिने शोधणाऱ्या हिरोचा वेश करणारे, महिन्यातून एकदा भेटायचो, त्यात एक दातांचा डॉक्टर होता, तो याच अवतारात दवाखाना चालवायचा आणि पेशंट आ वासायच्या आधीच आ वासायचे. हौसेला मोल नसतं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी कधी हौस केलेली नसते.

नोकरी विचारताय? भूमापन कार्यालय. नकाशांची खोली. जुना नकाशा फाटायला आला की त्यावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईनं गिरवायचा—डोंगर, नद्या, घाट, खिंडी. कुठला डोंगर किती उंच, कुठली वाट हिवाळ्यात बंद होते, झोपेत विचारा, सांगेन. पाहिलं काय? काही नाही. खिडकीतून सायकल स्टँड दिसायचा. आणि नव्या जॅकेटात माणूस विमा एजंट दिसतो भाऊ, ते जुनं दिसावं लागतं, म्हणून मग मी ते जुनं केलं. बाह्यांना सँडपेपर, कडांना तारेचा ब्रश, खांद्यांवर स्पिरिटचा बोळा, मग ते अंगात घालून आंघोळ करायची आणि अंगावरच वाळू द्यायचं. दोन दिवस सर्दी, पण चामडं असं मऊ पडतं की बोलायची सोय नाही. बायको म्हणायची, एवढा रगडा माझ्या भांड्यांना मारला असता तर घर उजळलं असतं. तिचंही खरंच होतं. तिचं बहुतेक सगळं खरंच असायचं, तोच तर त्रास होता.

आमची पोरगी तेवढी हसली नाही. चारपाच वर्षांची असेल, या कोपरावर बोट ठेवून म्हणाली, बाबा, हा ओरखडा कशाचा? आता सांगायचं ना सरळ, सँडपेपरचा, दोनशेवीस नंबरचा—पण तिनं असं बघितलं माझ्याकडे, भाऊ, असं जगात दुसऱ्या कोणी बघितलं नव्हतं, वरिष्ठांनी नाही, बायकोनं नाही, आणि माझ्या तोंडून निघून गेलं: गुहेतला. झालं. एका ओरखड्यानं भागतंय होय? दर रविवारी नवा ओरखडा पाहिजे, नवी गोष्ट पाहिजे. मग शनिवारी दुपारी ती शाळेत असली की मी गच्चीवर बसून ओरखडे काढायचो. वर्षातून एकदा दप्तर तपासणीसाठी मला चार दिवस दुसऱ्या कार्यालयाच्या तळघरात पाठवायचे, तिला सांगायचो मोहीम. परत यायचो तेव्हा नखशिखांत धूळ. अहो, धूळ खरी होती! तेवढी तरी खरी होती. ती माझ्या बाह्या झटकायची आणि ती धूळ कागदाच्या पुडीत बांधून ठेवायची.

पुढे काय झालं ते ओळखलं असेल तुम्ही, तुमच्या चेहऱ्यावरच दिसतंय. शाळेत बोलावलं—मुलांच्या वडिलांनी येऊन आपलं काम सांगायचं. ती नऊ वर्षांची. नको म्हणायला हवं होतं, पण मी आदल्या दिवशी हॅटला वाफ दिली. गेलो. वर्गात उभा राहिलो आणि सांगितलं, काय सांगितलं विचारू नका, चांगलंच सांगितलं असणार, चाळीस पोरं श्वास रोखून बसली होती. आणि मागच्या बाकावरची एक पोर हात वर करून म्हणाली—अगदी शांतपणे हो, वाईटपणा नव्हता तिच्यात—म्हणाली, हे काका नकाशे गिरवतात, माझे बाबा यांच्या शेजारच्या टेबलावर बसतात. हसला वर्ग. बाई पण हसल्या, मग तोंडावर रुमाल धरला. आमची पोरगी हसली नाही, रडलीही नाही. घरी येताना दहा पावलं पुढे चालत होती. आणि जेवायला बसलो तर माझ्या ताटात सँडपेपर. भाजी वाढायच्या जागी, नीट चौकोनी घडी घालून. बायकोनं बघितलं, मी बघितलं. मी तो बाजूला ठेवला आणि जेवलो. हो, जेवलो! काय करणार होतो?

त्याच वर्षी बायको तिला घेऊन भावाकडे गेली. जॅकेटमुळे नाही, आमचं आधीपासूनच फाटलेलं होतं, जॅकेट आपलं निमित्त. आणि दोन महिन्यांनी बायकोचं पत्र आलं—नव्या शाळेत पोरीला विचारलं, बाबा काय करतात, तर म्हणाली, मोहिमेवर गेले होते, बर्फात हरवले, परत आले नाहीत. बायकोनं लिहिलं, मी तिला खोटं पाडलं नाही, तुम्हीही सध्या येऊ नका, काही दिवस जाऊ देत. आता खरं सांगू का? खोटं कशाला बोलू, आयुष्यभर बोललोय—वाचून माझी छाती फुगली. रडायला पाहिजे होतं ना माणसानं? मी आरशासमोर उभा राहिलो. हॅट घालून. आणि—नाही, हे राहू दे.

बरं, सांगतो, कोणाला सांगणार तुम्ही, त्या छत्र्यांना? तिनं शाळेत जी जागा सांगितली होती ना मी हरवल्याची, तिथे त्या महिन्यात बर्फ नसतंच. कोणीतरी पकडलं असतं पोरीला, पुन्हा हसला असता वर्ग. म्हणून मी सात नकाशे काढून बसलो, ऑफिसच्या वेळेत, आणि एक खिंड शोधली. अरुंद, उत्तरेकडे तोंड, दहा महिने बर्फ, आसपास वस्ती नाही, माणूस गेला तर खरंच सापडू नये अशी. व्यवस्थित गिरवून, बाण दाखवून पाठवून दिली बायकोला. तिला म्हणावं, ही सांग. माझ्या नोकरीतलं सगळ्यात सुबक काम ते. स्वतः मरायची जागा बापानं गिरवून दिली, आणि काही दिवस, काही दिवस म्हणता म्हणता एकोणतीस वर्षं झाली. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात—मी मेलो, मला तर तोही दिसला नाही. सायकल स्टँडच दिसला.

कसा जाणार होतो परत? तुम्हीच सांगा. आधी शाळा होती, मग कॉलेज, मग तिचे प्राध्यापक, प्रत्येक जण मोठा होत गेला आणि माझी खिंड प्रत्येकाला माहीत. त्या खिंडीपायीच तर ती या धंद्यात पडली म्हणतात—मी नाही म्हणत, पुस्तकात छापलंय. तुम्ही वाचलंत? नाही? मग वाचू नका, पहिलं पान तेवढं बघा. 'बाबांस, जे परत आले नाहीत'—खाली खिंडीचं नाव. समोर फोटो. हेच जॅकेट, हीच हॅट, हनुवटी वर. 'मोहिमेवर निघताना.' कुठली मोहीम हो, आमच्या गच्चीवरचा फोटो तो, मागे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती, ती कापलीय. पोरगी मात्र खऱ्या गुहेत उतरते, दोरावर, पोटावर सरपटत, आठ आठ दिवस. अंगात साधं रेनकोटसारखं काहीतरी असतं. मी वर्तमानपत्रात फोटो पाहिला. एक चुणी नाही त्याला.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली. मला केव्हा कळलं? महिन्यानंतर. तिच्या भावाचं दोन ओळींचं पत्र. अहो, मेलेल्या माणसाला कोण बोलावणार? तेव्हा मात्र मला माझं मरण पहिल्यांदा टोचलं. मी पोरीला लिहिलं. चार पानं लिहिली, म्हणालो, आता पुरे, मी म्हातारा झालोय, एकदा तरी भेट, कोणाला सांगू नकोस हवं तर. एका ओळीत उत्तर आलं. 'ती खिंड तुम्हीच निवडलीत.' खाली सही नाही. बरोबरच आहे. पण बरोबर असलेल्या गोष्टी किती दिवस गिळायच्या माणसानं? म्हणून आलोय आज. असाच, याच वेशात, मधल्या वाटेनं, हॅट न काढता, सगळ्यांच्या देखत तिच्यासमोर जाऊन उभा राहणार आहे. पडद्यावर फोटो आहे ना मोठा? शेजारीच उभा राहणार. होऊ दे हसं. एकदा माझं झालं, एकदा तिचं होऊ दे—फोन ठेवा खाली. रखवालदाराला बोलावू नका, ठेवा म्हणतो ना. सहासष्ट वर्षांचा माणूस आहे मी, काय करणार आहे? आणि तुमची पाटी तर मध्ये आहेच. हे काढून आत गेलो तर कोण ओळखणार मला? टकला म्हातारा, शर्ट पाठीला चिकटलेला. शेवटच्या रांगेत बसेन आणि शेजारचा विचारेल, तुम्हाला गुहांची आवड आहे का?

टाळ्या. संपलं? तासभर बोलणार होती ना—दार उघडलं. किती माणसं आहेत. ती—ती निळ्या साडीतली, तीच ना? आईसारखी चालते. हसतेय बघा, त्या म्हाताऱ्या बाई तिचा हात सोडत नाहीयेत, अशी हसताना मी तिला—इकडेच येतेय. तुमच्याकडे बॅग ठेवलीय का तिनं? अहो, आधी सांगायचं नाही! घ्या, हे घ्या, जॅकेट घ्या, बाही अडकली, ओढा—हॅट पण, टाका खाली, त्या छत्र्यांच्या मागे टाका, नंबर नको मला, टाका हो लवकर, माणसं आहेत तिच्याबरोबर, दिसेल त्यांना—

ही घ्या. हीच ना, तपकिरी? हो. नाही नाही, आभार कसले.

ऐकलंत? 'थँक्यू, काका.' काका म्हणाली. तुम्ही पुतळ्यासारखे उभे राहिलात म्हणून मी दिली बॅग, तर बॅग घेताना हात थांबला तिचा, या डोक्याकडे बघितलं, मग काउंटरच्या खाली बघितलं, आणि कानापर्यंत लाल झाली. ओळखलं हो. ओळखलं नसतं तर नुसती बॅग उचलून गेली असती, काका कशाला म्हणेल? एकोणतीस वर्षांनी दोन शब्द बोलली माझ्याशी, त्यातला एक खोटा. माझीच आहे. गेली का? वळून बघितलं का? मला सांगू नका, मला नाही बघायचं.

नको. ठेवा ते आत. कोणी न्यायला येणार नाही. मला काय विचारताय, पुढच्या माणसाचं बघा ना, रांग लागलीय.